बिल्ला नंबर एकशे सत्तावीस

शाळेच्या मुख्याध्यापिका भाग्यलक्ष्मी मॅडमनी मला दहा ओळी लिहायला सांगितल्या होत्या. सव्वीस जानेवारीला शाळेत संघपालचा सत्कार करायचा होता. त्याआधी त्याचा परिचय मराठीत कुणीतरी वाचून दाखवायला हवा होता, आणि मॅडम तेलुगू, त्यांचं मराठी ‘बसा’, ‘उठा’, ‘गप्प’ एवढंच. आमच्या गावच्या मराठी शाळेचा जुना मास्तर आता मीच उरलो आहे. हजेरी, दाखले आणि दोन निरोपसमारंभांची भाषणं यापलीकडं मी कधी काही लिहिलेलं नाही. तरी हो म्हणालो. मला नाही म्हणायलाही जमत नाही.

दहा ओळी दोन दिवसांत झाल्या. त्यात संघपालचं जन्मसाल होतं, आमची शाळा होती, आदिलाबादची आयटीआय होती, पूर्व किनाऱ्यावरचं जहाज बांधायचं यार्ड होतं. सहावी ओळ अशी होती : ‘सहकाऱ्याच्या निष्काळजीपणामुळे ते जहाजाच्या टाकीत अडकले, परंतु धैर्याने वाचले.’

त्या सहाव्या ओळीमुळं दहा ओळींचं हे एवढं झालं. नीट झालं आहे की नाही, मला सांगता येत नाही.

आमचं गाव तेलंगणात, बेला मंडलात, पैनगंगेच्या अलीकडं. फाट्यावर तीन बाजूंनी उघडी अशी एक पत्र्याची शेड आहे. तिथं संघपाल वेल्डिंग करतो. ट्रॉलीचे फाळके, खिडक्यांच्या ग्रिल, कुणाच्या घराचं गेट. पंचक्रोशीत निम्म्या घरांचं फाटक त्याच्या हातचं आहे. त्याच्या स्वतःच्या घराला मात्र दार नाही. चौकट आहे, बिजागऱ्यांच्या खुणा आहेत, आणि मध्ये रूपाची, म्हणजे त्याच्या बायकोची, जुनी साडी पडद्यासारखी लावलेली आहे. यार्डातून परत आल्यावर पहिल्याच आठवड्यात त्यानं ते दार काढलं. मग संडासाचंही काढलं. तो बारा महिने अंगणात झोपतो, पाऊस आला की शेडमध्ये. शर्टाचं वरचं बटण लावत नाही. बेल्याला जायचं तर सायकलवर जातो, बस समोरून गेली तरी. मुलगी प्रीती दहावीत आहे. ती संडासाला शेजारच्या काकूकडं जाते, आणि हे सगळ्यांना माहीत असल्यामुळं मान खाली घालून जाते.

अंगानं तो पहिल्यापासून बारीक, उंचीनं पाच फुटांच्या आतबाहेर. आईबाप दुसऱ्यांच्या शेतात राबणारे, आमच्याच बौद्ध वस्तीतले. पोरगा हातानं हुशार होता. आयटीआय झाल्यावर मंचेरियलकडं एका ठेकेदाराकडं लागला. कोळशाच्या खाणीत खाली उतरून पाइप जोडायचं काम होतं. तिथं प्रत्येकाला नंबर कोरलेला पितळेचा बिल्ला मिळायचा. तो छातीच्या खिशात ठेवूनच खाली जायचं आणि वर आल्यावर परत द्यायचा. का, असं विचारलं की तिथला मुकादम म्हणायचा, “अंगावर असू दे, ओळख पटते.” संघपाल तिथं दोन वर्षं होता. दोन वर्षं रोज सकाळी बिल्ला खिशात टाकायची हाताला सवय लागली. ही सवय मी आधीच सांगून ठेवतो, पुढं तिचं काम आहे.

मग तो यार्डात गेला. दोन वर्षांनी त्यानंच देवानंदला तिथं लावून घेतलं. देवानंद वरच्या आळीतला, कापूस-ज्वारीवाल्या घरातला, गयाबाईचा धाकटा. दोघं माझ्या हाताखाली पहिली ते पाचवी एका पट्टीवर बसलेले.

ते बांधत होते ती लढाऊ नौका लहान होती. मी समुद्र पाहिलेला नाही, त्यामुळं संघपालनं सांगितलं तेच लिहितो. खोल समुद्रात लांब जायचं तिचं काम नाही. किनाऱ्याजवळच्या उथळ पाण्यात फिरायचं आणि तिथं लपून आलेली पाणबुडी हुडकून काढायची. तिला पंखे नाहीत. ती पाणी ओढून मागं जोरात फेकते आणि पुढं जाते. घर आपण पायापासून वर बांधतो, तशी ती बांधत नाहीत. लोखंडी तुकडे वेगवेगळे, बहुतेक उलटे ठेवून जोडतात, मग क्रेननं सुलटे करून एकमेकांना लावतात. नावही शेवटी मिळतं. तोवर तिला नंबर असतो. संघपाल आजही तिला ‘तीनशे एकोणीस’ म्हणतो.

नौका उथळ पाण्याची, म्हणून तळ उथळ, आणि तळ उथळ म्हणून तळातल्या टाक्याही बुटक्या. तळाचा पत्रा आणि त्यावरचा पत्रा यांच्यामध्ये एवढीच जागा की बसलं तर मान वाकडी करावी लागते. एक टाकी म्हणजे एकापुढं एक सहा कप्पे. एका कप्प्यातून दुसऱ्यात जायला अंडाकृती भोक, त्यातून आधी हात, मग डोकं, मग एक खांदा. धिप्पाड माणसं तिथं चालत नाहीत. संघपाल चालायचा. चार वर्षं त्यानं तिथं पोटावर पडून जोड मारले.

टाकीत उतरायला वरून एकच तोंड. त्या तोंडाशी एक फळी, फळीवर खिळे. आत जाणाऱ्यानं आपला बिल्ला खिळ्यावर टांगायचा, बाहेर आला की काढून घ्यायचा. फळी रिकामी असेल तरच झाकण लावायचं. त्याआधी झाकणावरच्या माणसानं तीनदा हातोडी वाजवून तीनदा हाक मारायची. देवानंद झाकणावरचा माणूस होता.

एके दिवशी संघपाल आत असताना झाकण लागलं, चोवीस नट आवळले गेले आणि टाकीत तपासणीची हवा भरली गेली. सुमारे चाळीस मिनिटांनी त्याला काढलं. त्याच दिवशी देवानंदचा गेटपास रद्द झाला आणि तो गावी आला. महिन्या-दोन महिन्यांनी संघपालही आला, पण तोवर गोष्ट पोचली होती : संघपालचा बिल्ला फळीवर होता, देवानंदनं तो न बघता काढून टाकला आणि झाकण लावलं.

गावात गोष्ट पोचते तशी राहत नाही. आमच्या वस्तीत लोक म्हणू लागले की बघितलं नाही असं कसं होईल, मुद्दाम केलं असेल. आत कोण होता आणि बाहेर कोण होता, ते बघा. वरच्या आळीत म्हणू लागले की हे लोक पोराला केसमध्ये अडकवणार. केस कुणी केली नाही. पण देवानंदला आमच्या वस्तीत कुणी बोलावेना आणि त्याच्या आळीत कुणी त्याची बाजू उघड घेईना. चहाच्या टपरीवर तो आला की कुणीतरी म्हणायचं, “दार उघडं ठेव रे, आला कोंडनारा.” त्याचं ठरलेलं लग्न मोडलं. त्यानं ट्रॅक्टर चालवायला घेतला.

मलाही ते खरं वाटलं होतं. तो रस्त्यात “नमस्कार गुरुजी” म्हणायचा, आणि मी चष्मा पुसत पुढं जायचो. साडेचार वर्षं मी चष्मा पुसला.

मागच्या वर्षी ती नौका नौदलात दाखल झाली. झेंडे, बँड, पांढऱ्या कपड्यांतले अधिकारी, सगळं प्रीतीनं मोबाइलवर बापाला दाखवलं. मी तेव्हा शेडमध्ये बसलो होतो.

“बाबा, हेच का तुमचं?”

संघपालनं मोबाइल घेतला, दोन बोटांनी चित्र मोठं केलं, पाण्याच्या रेषेपर्यंत नेलं.

“माह्यं खाली हाय,” तो म्हणाला. “पान्यात. दिसत नाई.”

प्रीतीनं तो व्हिडिओ शाळेत दाखवला, मॅडमनी पाहिला, आणि सत्कार ठरला. शाल, नारळ, माझ्या दहा ओळी.

त्या ओळींसाठी तारखा विचारायला मी शेडमध्ये गेलो होतो, तेव्हा गयाबाई आली. कापूस वेचून थेट आलेली, कमरेची ओटी अजून बांधलेली, केसांत कापसाचे धागे. ती संघपालसमोर उभी राहिली.

“शाल घेऊन राह्यला म्हने तू.”

“मी मागतली नाई, मावशी. मॅडमनं ठरोलं.”

“घे नं बाप्पा. तुले नाई तं कोनाले द्याची? माह्यं एकच मागनं हाय. माइक हातात घेशीन तवा एवढं बोल, का देवानंदनं मुद्दाम नाई केलं. चूक झाली मन, गफलत झाली मन. पन मुद्दाम नाई.”

संघपालनं वेल्डिंगचा मुखवटा तोंडावर ओढला. हातात होल्डर होता, पण ठिणगी काही उडाली नाही.

“आईकून राह्यला का?”

“हाव.”

“मंग त्या डब्यातून बाहीर ये अन् बोल. माह्या पोराले पोरगी द्याले कोनी तयार नाई. ‘मानूस कोंडनारा’ मनते. अडतीसचा झाला. मी मेल्यावर त्याले भाकर कोन देईन, तू?”

गयाबाई माझ्याकडं वळली. “तुमी तं गुरुजी हाय. तुमी सांगा त्याले.” मी वहीत पाहिलं. ती गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी संघपाल माझ्या घरी आला. आत आला नाही, ओट्यावरच बसला. मी त्याला ओळी वाचून दाखवल्या. सहावी झाली तसा तो म्हणाला, “गुरुजी, ते सहावी लाइन काहाडा.”

“का? चुकलं का काही?”

“काहाडा म्हंजे काहाडा.”

“बरं, ‘निष्काळजीपणा’ जरा जोरात होतो. ‘चुकीमुळे’ लिहितो.”

त्यानं छातीच्या खिशात हात घातला आणि माझ्या कागदावर एक पितळेची चकती ठेवली. वर भोक, मध्ये कोरलेला आकडा : १२७. मला आधी काही समजलंच नाही.

“हा तर बिल्ला,” मी म्हणालो.

“हाव. माहा.”

“पण तो तर फळीवर…”

“फळीवर नव्हता. माह्या खिशात होता.”

मग त्यानं सांगितलं. मध्ये मध्ये तो ओट्यावरून उठून अंगणात जाऊन येत होता, त्यामुळं मला वेळ लागला. पुढचं सगळं त्याच्याच तोंडचं आहे.

त्या दिवशी टाकीचं काम संपलं होतं. चहाला तिघं बाहेर आले. तिघांनी आपापला बिल्ला काढून घेतला. चहानंतर तपासणी होती. झाकण लावून आत हवा भरतात, मग बाहेरून प्रत्येक जोडावर साबणाचं पाणी ब्रशनं लावतात. जिथं बुडबुडा येईल तिथं जोड कच्चा. देवानंद हवेची नळी गुंडाळत होता. संघपालच्या लक्षात आलं की आपली हातोडी पाचव्या कप्प्यात राहिली.

टाकीत हत्यार राहणं यार्डात मोठा गुन्हा. आणि दोनच दिवसांपूर्वी एकाचा तारेचा ब्रश आत राहिला म्हणून संघपालनंच त्याला सगळ्यांसमोर झापलं होतं : “सासरी जातो तं चपला बी तिथंच सोडून येतो का बे?” दोन दिवस त्या माणसाला सगळे ‘जावई’ म्हणत होते. आता हे कळलं तर जावई कोण होणार ते उघड होतं. देवानंद झाकणाची रबरी पट्टी आणायला वीस पावलांवरच्या स्टोअरमध्ये गेला. तेवढ्यात संघपाल हातात टॉर्च घेऊन आत सरकला.

“बिल्ला टांगला नाही?” मी विचारलं.

“खिशाले हात लावला नं. लागला हाताले. मन म्हनलं, हाय. खानीत तसंच होतं गुरुजी. अंगावर हाय म्हंजे झालं. चार वर्सं मी खिळ्यावर टांगला, रोज टांगला. पन त्या दिवशी घाई होती, अन् घाईत जुना हात आला.”

पाचव्या कप्प्यात त्याला हातोडी सापडली. तेवढ्यात वरून आवाज आला. ठण, ठण, ठण. मग देवानंदची हाक : “आत कोनी हाय का?” एकदा. दुसऱ्यांदा. तिसऱ्यांदा.

इथं संघपाल उठला, अंगणात गेला, झाडाच्या सावलीत थोडा वेळ उभा राहिला आणि परत आला.

“मी टार्च बंद केला, गुरुजी.”

“म्हणजे?”

“उजेड दिसू नाई म्हून. श्वास धरून बसलो. वाटलं, बिल्ला हाय, आता काई झाकन लागत नाई. देवानंद इकडं तिकडं गेला का निंगतो हळूच.”

देवानंदनं फळी पाहिली. रिकामी. हाकेला उत्तर नाही. त्यानं झाकण ओढलं. लोखंड लोखंडावर बसल्याचा आवाज ऐकून संघपाल सरपटत निघाला, पण पाच कप्पे म्हणजे चार भोकं, प्रत्येक भोकात हात, डोकं, खांदा. पुन्हा लावलेला टॉर्च कुठंतरी आपटून विझला. तो तोंडाशी पोचला तोवर वर हवेवर चालणारं यंत्र नट आवळत होतं. तो ओरडला. यंत्राच्या आवाजात काय ऐकू येणार? मग यंत्र थांबलं आणि कुठूनतरी सुंसुं करत हवा आत येऊ लागली. कानात कुणी बोट घालून दाबावं तसं होऊ लागलं. दात दुखले. त्यानं हातोडी पत्र्यावर मारली, मारतच राहिला. पण यार्डात एका वेळी शंभर हातोड्या चालू असतात. एकशे एकाव्या हातोडीकडं कोण बघणार?

किती वेळ ते त्याला माहीत नाही. लघवी झाली. प्रीती तेव्हा दहा वर्षांची होती, तिचं तोंड आठवेना, असं तो म्हणाला. नाक आठवलं की डोळे जायचे. मग हात आपोआप वेगळंच वाजवू लागला.

आमच्या शाळेत कडुनिंबाला रुळाचा एक तुकडा टांगलेला आहे. तीच घंटा. मी होतो तोवर सुट्टीची घंटा मीच द्यायचो. तीन टोल सावकाश, दोन घाईचे, मग वर्गात कुणी राहिलं नाही ना हे बघून एक शेवटचा. माझीच पद्धत, बाकी कुठं तशी नसावी. संघपाल ते वाजवत होता. तीन, दोन, थांबून एक. तीन, दोन, थांबून एक.

बाहेर देवानंद साबणाचा ब्रश फिरवत होता, हे त्यानंच संघपालला काढल्यावर सांगितलं. त्याचा हात थांबला. शेजारच्या तपासणीवाल्याला तो मराठीत म्हणाला, “सुट्टीची घंटा.” त्या माणसाला काही कळलं नाही. देवानंदनं धावत जाऊन हवा सोडली. नटांचं यंत्र कुणीतरी दुसरीकडं नेलं होतं, म्हणून हातपान्यानं एकेक नट काढला. बोटांची सालं निघाली. झाकण सरकलं तेव्हा त्याचं तोंड गोल उजेडात दिसलं, आणि तो म्हणाला, “शाळा सुटली बे, नीघ बाहीर.” म्हणताना रडत होता.

मग ठेकेदाराचा सुरक्षेचा साहेब आला. “टोकन कहाँ था तुम्हारा?”

“बोर्ड पे था, साहब,” संघपाल म्हणाला.

“म्हनताना खरंच वाटत होतं, गुरुजी. देवाची शपथ नाई घेत, पोरीची घेतो. खरंच वाटत होतं.”

सगळ्यांनी रिकाम्या फळीकडं पाहिलं, मग देवानंदकडं. देवानंद म्हणाला, “मी पाह्यलं होतं. काई नव्हतं. तीनदा आवाज देल्ला मी.” साहेबानं विचारलं, “तीन बार? पक्का?” देवानंद म्हणाला, “हां.” साहेबानं पुन्हा विचारलं. देवानंद गप्प झाला.

वीस मिनिटांनी दवाखान्याच्या खोलीत शर्ट काढताना संघपालच्या खिशातून बिल्ला पडला. त्यानं तो मोज्यात घातला. सकाळी सांगू, असं ठरवलं. सकाळपर्यंत देवानंद गावाकडच्या गाडीत बसला होता.

“ज्यानं मले काहाडलं, त्याले मी…” संघपालनं वाक्य सोडून दिलं.

महिनाभरानं तो कामावर गेला. टाकीच्या तोंडाशी पाय आत जायचे, डोकं जाईना. तो गावी आला. इथं सांगायचं म्हटलं तर वस्ती त्याच्या बाजूनं उभी राहिली होती, भांडायला तयार होती. कुणाला काय सांगणार? दिवस गेला तसं सांगणं अवघड होत गेलं, आणि बिल्ला खिशातच राहिला. कपडे बदलले तरी बिल्ला नव्या शर्टात जायचा.

मला राग आला होता, आणि त्यातला किती माझ्यावरचा होता ते मला कळत नव्हतं.

“तुमी लिवा गुरुजी,” तो म्हणाला. “तुमीच वाचून दाखवा. मी खाली मान घालून बसतो.”

“मी नाही वाचणार,” मी म्हणालो. हे नाही मला कसं जमलं कोण जाणे. “वाचणं म्हणजे पुन्हा दुसऱ्याच्याच तोंडून. तूच बोल.”

“प्रीतीले काय वाटन?”

त्यानं कागदावरचा बिल्ला उचलून खिशात टाकला. तो गेला. नऊ दिवस उरले होते. नऊ दिवस शेडमधून आवाज येत होता, पण मी तिकडं गेलो नाही. सहावी ओळ मी खोडली. तिच्या जागी काय लिहावं ते सुचेना, म्हणून जागा कोरी ठेवली.

सव्वीस जानेवारीला झेंडा झाला. मुलांची प्रभातफेरी फाट्यापर्यंत जाऊन परत आली आणि रस्त्यावरच रेंगाळली. त्यात देवानंदचा ट्रॅक्टर अडकला. ट्रॉलीत कापूस भरलेला, तो जिनिंगला निघाला होता. पोरं हटेनात, त्यामुळं तो शाळेच्या कुंपणाच्या भिंतीपाशी इंजिन चालू ठेवून थांबला. त्याला तिथं थांबायचं नव्हतं हे दिसत होतं. गयाबाई पुढच्या रांगेत बसली होती. तिला कुणी बोलावलं नव्हतं.

मॅडमनी संघपालच्या खांद्यावर शाल घातली. मी वाचायला उठलो. पाच ओळी वाचल्या. कोऱ्या जागेशी आलो आणि थांबलो. सातवी ओळ वाचायची होती, पण डोळ्यांना ती सापडेना. लोक चुळबुळले. तेव्हा संघपाल उठला, शाल खुर्चीवर ठेवली आणि माइक माझ्या हातातून घेतला.

“बिल्ला फळीवर नव्हता,” तो म्हणाला. आवाज इतका बारीक होता की मागून कुणी ओरडलं, “जोरात!” त्यानं खिशातून बिल्ला काढून वर धरला. “हा. माह्या खिशात होता. देवानंदची चूक नाई. फळी रिकामीच होती. मी चोरून आत गेलतो. मले बाहीर काहाडलं ते देवानंदनंच. मी खोटं बोललो, मंग तसंच राहू देल्लं.”

मॅडमना वाटलं आभार मानले. त्यांनी टाळ्या वाजवल्या, मग एकट्याच वाजवत आहेत हे पाहून थांबल्या. आमच्या वस्तीतली माणसं एकमेकांकडं बघत नव्हती. प्रीती मुलींच्या रांगेत होती. तिनं ओढणीचं टोक तोंडात धरलं होतं.

भिंतीपलीकडं इंजिन बंद झालं. देवानंद सीटवर उभा राहिला, तेव्हा भिंतीवरून त्याचं छातीपर्यंतचं अंग दिसू लागलं.

“संघपाल,” त्यानं हाक मारली. “आवाज देल्ला होता नं मी? तीनदा?”

एवढंच. बिल्ल्याचं त्यानं काही विचारलं नाही. तेव्हा माझ्या लक्षात आलं की साहेबानं दोनदा विचारल्यापासून तो स्वतःलाच विचारत होता, आणि त्याला खात्री राहिली नव्हती. ट्रॅक्टर चालवताना, भाकर खाताना, रोज त्या झाकणाशी उभा राहून तो मोजत होता.

संघपालनं माइक खाली केला. “देल्ला होता. तीनदा वाजोलं, तीनदा हाक मारली. मी आईकलं. टार्च बंद करून गप बसलो.”

“आईकलं होतं?”

“तिन्ही बी.”

देवानंद गयाबाईकडं पाहून म्हणाला, “माय, आईकलं का? तीनदा.”

“आईकलं,” गयाबाई म्हणाली. तिनं पदर डोळ्यांना लावला नाही, नुसता घट्ट खोचला.

संघपाल भिंतीपाशी गेला आणि हात वर करून बिल्ला त्याच्यापुढं धरला. देवानंदनं तो घेतला नाही.

“ठेव तुह्यापाशी. मले काय कराचा?” तो खाली बसला, इंजिन चालू केलं. मग आवाजावर आवाज चढवून ओरडला, “अन् घराले दार लाव बे! लाज वाटते का नाई? पोरगी मोठी झाली!”

पोरं बाजूला झाली. ट्रॅक्टर गेला.

शाल रूपानं घडी करून मॅडमकडं परत नेली. मॅडमनी घेतली नाही, रूपानं ठेवून घेतली नाही. ती शाळेच्या कपाटात आहे. वस्तीत काही दिवस संघपालशी कुणी धड बोललं नाही. एकानं शेडवर येऊन विचारलं, “आमाले काऊन खोटं पाडलं?” मलाही तसंच विचारलं गेलं. देवानंद मला फाट्यावर भेटला, तेव्हा मी आधी नमस्कार केला. तो म्हणाला, “गुरुजी, हे सारं लेखी पायजे. त्याची दस्तखत घेऊन. यार्डात दरखास्त देतो.” थांबला नाही. म्हणून मी हे लिहिलं, आणि त्यातलं दरखास्तीपुरतं वेगळ्या कागदावर उतरवून दिलं. संघपालनं त्यावर सही केली, सहीखाली बिल्ल्याचा नंबरही घातला. यार्डाचं उत्तर अजून आलेलं नाही.

घराला दार अजून नाही. संडासाला आहे. आठव्या दिवशी त्यानं पत्रा आणि अँगलचं दार करून बसवलं. आठ दिवस प्रीती बापाशी एक शब्द बोलली नव्हती. दार बसवल्यावर तो स्वतः आत गेला आणि कडी लावली. मी अंगणात होतो, रूपा चुलीशी होती, प्रीती दाराजवळच्या नळावर बादली भरत होती. बादली निम्मी भरली. मग पत्र्यावर आतून हळूच तीनदा वाजलं.

“प्रीती,” आतून आवाज आला. श्वास जोरात चालला होता. “हायेस का बाहीर?”

तिनं माझ्याकडं पाहिलं, आईकडं पाहिलं. नळ बंद केला.

“हाय,” ती म्हणाली.

“जाऊ नोको.”

“हाय नं, बाबा. हाय.”